दीड किलोची शपथ

अकबा, ३ मार्च

मेहुणे सबरी ऊर्फ अबू लुजैन यांस मुअ्तसिमचा सलाम वि. वि.

आपण फोनवर माझा मार्ग निरुद्ध केल्यामुळे हे पत्र इर्बिदच्या बसचालकाहाती पाठवत आहे. उत्तरासाठी थांबू नकोस असे त्याला बजावले आहे; आपले शब्द जड असतात, सामानाचे भाडे पडेल.

गेल्या शुक्रवारी मन्सफच्या, त्या मटणभाताच्या, परातीभोवती मी एवढेच निवेदन केले की, स्थापत्याच्या अंतिम वर्षाला असलेल्या माझ्या भाचीला, आपल्या लुजैनला, लॅपटॉप घ्यायचा तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि चौसष्ट जीबी रॅम अपरिहार्य आहे. अन्यथा नांगराला कोंबडी जुंपल्यासारखे होईल. त्यावर आपण भाताचा गोळा हातात धरून, तिला पाहायला आलेल्या मंडळींच्या साक्षीने शपथ घेतलीत, की दीड किलोहून जड यंत्र या उंबरठ्याच्या आत आले तर माझ्या बायकोला तलाक. ती बायको, म्हणजे माझी बहीण हियाम, त्या क्षणी आत आपल्याच परातीसाठी रस्सा ढवळत होती.

मग मीही प्रतिशपथ घेतली, की भाचीच्या यंत्रात चौसष्टाहून कमी रॅम असेल तर माझ्या नहलाला तलाक. ती क्रोधजन्य होती हे मान्य. परंतु यज्ञाचा आरंभ आपला; मी केवळ समिधा घातली.

शपथ मागे घ्यावी. तूर्त माझ्याकडून लोभाची अपेक्षा नसावी.

आपला मेहुणा,
मुअ्तसिम


इर्बिद, ७ मार्च

यंत्रमहर्षी मुअ्तसिम ऊर्फ अबू नादिर यांस सबरीचा सलाम, नाइलाजास्तव, वि. वि.

पत्र पोचले. चालकाने ते कांद्याच्या पोत्याखाली ठेवले होते. त्या सत्संगानेही भाषा सुधारलेली दिसली नाही.

आपण बंदरावर मालाचे कागद हलवता, त्यामुळे जे जड तेच मौल्यवान असा आपला सिद्धांत झाला आहे. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपची कीर्ती दिगंत आहे. कळांखाली सप्तरंगी दिवे, विमानासारखा घोष, आणि कार्य कोणते, तर पत्ते खेळणे. त्यावर भाकरी गरम होते असे नहलाताई सांगतात. म्हणजे अगदीच निरुपयोगी नाही.

मी लुजैनला आठ जीबीचे, वहीसारखे पातळ यंत्र आणून दिले. बॅटरी दिवसभर टिकते. तिने तळमजला काढला तोवर ते उत्तम चालले; पहिला मजला चढवताच समाधिस्थ झाले. बैठी घरे काढ, असे मी सुचवले. अंतिम प्रकल्पासाठी तिला सात मजल्यांचे इस्पितळ काढायचे आहे, ते न जमल्यास वर्ष वाया जाईल, असे ती म्हणाली आणि दार लावून बसली.

माझ्या शपथेचे कारण विचारू नये. पाहुण्यांदेखत सांगण्याजोगे असते तर तेव्हाच सांगितले असते. शपथ मागे घेणे आमच्या कुळात नाही.

हियाम आज सकाळी आपल्याकडे निघाली. जिथे बायको तराजूत घालतात तिथे स्वयंपाक कसला करायचा, असे म्हणून गेली. ती पोचल्याचे कळवावे. त्याखेरीज काही कळवू नये.

आपला मेहुणा, दुर्दैवाने,
सबरी


अकबा, १२ मार्च

अबू लुजैन यांस हियामचा सलाम वि. वि.

हे पत्र दादाला वाचून दाखवले आहे. एकाच दगडावर दोघांनी डोके आपटले, तेव्हा औषधही एकच.

तुम्ही शपथ का घेतलीत ते मला ठाऊक आहे. लुजैन लहानपणी गच्चीवरून पडली, तेव्हापासून उजव्या खांद्यावर ओझे आले की तिचा हात बधिर होतो, आणि तिचा वर्ग चौथ्या मजल्यावर. सोयऱ्यांपुढे पोरीच्या खांद्याचे नाव काढता येईना, म्हणून बायकोचे काढलेत. खांदा झाकलात आणि मला उघड्यावर टाकलेत. दादाला तर तेवढेही कारण नव्हते. त्याला नुसते जिंकायचे होते.

काल मी आणि नहला दुकानात गेलो आणि तिथून लुजैनला फोन लावला. तुला काय हवे, असे विचारले. आमच्या घरात हा प्रश्न नवीन. ती घडाघडा बोलली. ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र हवे. रॅम बत्तीस पुरे, मात्र पुढे वाढवायला जागा असावी. पडदा मोठा, रंग खरे दाखवणारा. दिवे नकोत. तसा घेतला आणि रात्रीच्या बसने घरी तिच्याकडे धाडला. वजन अडीच किलो. तुमची शपथ वजनाने मोडली, दादाची रॅमने; ती तर तुमच्या आठ जीबीनेच आधी मोडली होती.

मुफ्तींना विचारून आले. नुसता धाक घालायचा होता, सोडायचे मनात नव्हते, असे नवऱ्याने स्वतः येऊन सांगितले तर तलाक होत नाही. दहा गरिबांना जेवू घालावे लागते. नवऱ्याने स्वतः यायचे. तोवर आम्ही दोघी वरच्या मजल्यावर आहोत. दादा खाली, त्याच्या रंगीत दिव्यांत.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही मुफ्तींना काय सांगता त्यावर.

हियाम


इर्बिद, २ एप्रिल

मेहुणे अबू नादिर यांस सबरीचा सलाम वि. वि.

मुफ्तींसमोर आपण एका बाकावर बसलो, तरी संभाषण झाले नाही. म्हणून हे लेखन.

हेतू काय होता, असे त्यांनी विचारताच आपण ग्राफिक्स कार्डाचे माहात्म्य आरंभले. ते म्हणाले, बाबा, बायको सोडायची होती का, तेवढे बोल. आपण म्हणालात, छे. मीही म्हणालो, छे. त्या एका अक्षरासाठी मी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत आख्खा देश ओलांडला. नंतरच्या भोजनात आपण शिजवलेला भात कच्चा होता, याचीही नोंद असावी. गरिबांनी सभ्यतेने खाल्ला.

हियाम घरी आली आहे. माझ्याशी मोजकेच बोलते. इस्पितळाचे सातही मजले पडद्यावर फिरतात, आणि आपल्या चौसष्टावाचून काही अडत नाही.

तथापि वजनासंबंधी माझे मत अचूक होते, हे लेखी कळवणे कर्तव्य समजतो. यंत्र अडीच किलोचे, चार्जर वेगळा, जिना उभा. तिसऱ्या मजल्यावर मला धाप लागते. रोज सकाळी कॉलेजच्या फाटकापासून तिच्या टेबलापर्यंत मी ते नेतो आणि संध्याकाळी खाली आणतो. ती चार पावले मागे चालते. वडिलांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे, असे मैत्रिणींना सांगते. मीही तेच सांगतो. खांद्याचे नाव कुणी काढत नाही.

तेव्हा चूक आपली होती. जड आहे.

राग आहे तसाच ठेवावा, ही विनंती.

आपला,
सबरी