डावीकडची हनुवटी

२ जून
मला बघायला आले होते तेव्हा आत्या म्हणाली होती, मुलीची मान बघा, बाकीचं चालवून घ्या. त्या मानेच्या भरवशावर इतकी वर्षं काढली. आज स्टुडिओत एका गिऱ्हाइकाच्या फोटोतली डबल चिन काढत होते. काम संपल्यावर काळ्या स्क्रीनमध्ये माझी दिसली.
ठरलं. ऑपरेशन नाही. व्यायाम, मालिश, साखर बंद.

३ जून
मान मागे, ओठांचा चंबू, नजर छताकडे. नवऱ्याने विचारलं, पाल आहे का.
साखर उद्यापासून. आजचा चहा आधीच झाला होता.

८ जून
रोज एक फोटो काढून स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर ठेवते. फरक दिसतोय.

१४ जून
हनुवटीखाली हाताला कडक लागतं. चरबीचा स्नायू होत असणार. मालिश वाढवली.

१९ जून
नवऱ्याला आजचा फोटो दाखवला. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाला, ही बरी आहे.

२२ जून
स्टुडिओच्या मालकांनी माझे फोटो उघडले. म्हणाले, ताई, हे सगळे टचअप केलेले आहेत. मी म्हटलं, हात लावला असेल तर शपथ. त्यांनी मूळ फोटो काढून शेजारी लावले.
आमच्याकडे चेहरा सारखा करायचा तर चांगली बाजू उलटवून दुसऱ्या बाजूवर बसवतात. हाताला सवय. रोज फोटो उघडला की मी उजवी बाजू डावीवर बसवून मोकळी होत होते.
मूळ फोटोंत उजवीकडे काहीच नाही. डावीकडे आहे. पहिल्या फोटोत बोराएवढं, आजच्यात लिंबाएवढं.
मालकांनी विचारलं, दुखतं का. मी म्हटलं, डाव्या कुशीवर झोपते ना, चरबी तिकडे घरंगळते. ते एरवी कशालाही हसतात. आज हसले नाहीत.

२३ जून
आजपासून उजवी कूस.
आईचंही गळ्यापासूनच सुरू झालं होतं. पण आई काटकुळी होती. तिला डबल चिन नव्हतीच. म्हणजे हे वेगळं.

२५ जून
कूस बदलून फरक नाही. मालकांनी घरी फोन केला. नवरा गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला.
डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ चाचपलं. मी व्यायामांची माहिती दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मालिश बंद करायला सांगितली. चरबी अशी एकाच बाजूला येत नाही म्हणे. सुई घालून थोडं काढून घेतलं. रिपोर्ट सोमवारी.

२८ जून, रविवार
साखर आपोआप बंद झाली. चहाच उतरत नाही.
आता नवरा भाजी चिरतोय. चिरून झाली की विचारणार आहे: उद्या तू एकटाच जाशील का? रिपोर्ट वाच, आणि काहीही असलं तरी रात्रीचं जेवण होईपर्यंत मला सांगू नकोस.
नाहीच म्हणेल तो. मला बरोबर घेतल्याशिवाय जाणार नाही. तरी विचारते.