बासच्या काठीची वाटणी

मी, लीया जोसेफ किहीमकर, माहेरची चेऊलकर, वय त्रेसष्ट, निवृत्त वॉर्ड सिस्टर, राहणार रोथ, कार्डिफ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके थकलेले नाही, आणि तशी शंका कोणाला आलीच तर त्याने आधी माझ्याशी पाच मिनिटे बोलून पाहावे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याची ज्याला हौस होती तो दोन वर्षे या घराकडे फिरकलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

सॉलिसिटर म्हणाले, इंग्रजीत करा. मी विचारले, मराठीत केले तर कायदा मोडतो का? म्हणाले, मोडत नाही, पण भाषांतराचा खर्च पडेल. पडू दे. या देशात मी आयुष्यभर इंग्रजीतून नम्रपणे बोलले. आता चिडून लिहायचे आहे, आणि ते मला माझ्याच भाषेत नीट जमते.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी ईवा हिला द्यावी. ती ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत असते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. घर विकायचे तर खुशाल विकावे, मी वरून बघत बसणार नाही.

२. माझ्या नावाने आमच्या बेने इस्राएल रीतीचा, गोड पोह्यांचा मलिदा करावा. पोहे नीट भिजवावेत. माझे यजमान जोसेफ गेले तेव्हाच्या मलिद्याचे पोहे दाताखाली कचकच वाजत होते आणि तरी सगळे वा वा म्हणत होते. मला असली खोटी तारीफ नको.

३. माझा पाटा-वरवंटा शेजारच्या डॉ. अनुराधा टिळेकर यांना द्यायचा होता. परंतु त्या या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, आणि इथल्या कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. हे सॉलिसिटरांनी मला तीन वेळा सांगितले, जणू मी चोरी करायला निघाले होते. म्हणून पाटा कालच त्यांच्या घरी पोचवला. उचलताना त्यांच्या मिस्टरांची कंबर धरली, त्याला माझा इलाज नाही.

४. मागच्या शेडमध्ये माझ्या मासेमारीच्या दोन काठ्या आहेत. लांब, अकरा फुटी काठी बासची, म्हणजे इथल्या समुद्रातल्या माशाची, तिचे पुढे सांगते. आखूड, नऊ फुटी काठी झँडरची आहे. झँडर म्हणजे इथल्या पूर्वेकडच्या कालव्यांत अलीकडे सोडलेला दातेरी मासा, अमेरिकेत ज्याला वॉलआय म्हणतात त्याचा चुलतभाऊ. ही काठी ईवाला द्यावी. ईवा फोनवर म्हणाली, "मम्मी, तुझा काठी मला कशाला? आय ओन्ली ईट फिश विथ चिप्स." तरी द्यावी. माणसाचे मन बदलते, विशेषतः आई मेल्यावर.

पुढे कधी तिला स्वतःची काठी घ्यावीशी वाटली तर एक सांगून ठेवते. काठी दुकानात हवेत झुलवून निवडू नये. तसे करणारे पुरुष मी फार पाहिले. तलवार घ्यायला आल्यासारखे उभे राहतात. काठीच्या कड्यांतून दोरी ओवावी, मूठ आपण धरावी, दोरीचे टोक दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावे आणि त्याला मासा व्हायला सांगावे. तो ओढेल तेव्हा काठी कुठे वाकते आणि कुठे थांबते ते पाहावे. बासला अकरा फुटी काठी हवी आणि तिची मूठ ताठ हवी, कारण दोरीला बांधलेले वजनाचे शिसे तिसऱ्या लाटेपलीकडे फेकायचे असते. शेंडा मात्र मऊ हवा, नाहीतर मासा लागला की लाट लागली ते हाताला कळत नाही. झँडरची काठी अर्ध्यापर्यंत नरम लागते. तो मासा भारी संशयी. आमिष तोंडात घेतल्यावर जरा अडल्यासारखे वाटले की थुंकून मोकळा होतो. एकाच काठीत हे दोन्ही गुण मागणे म्हणजे एकाच पातेल्यात चहा आणि माशाचे तिखले करणे. आमच्या घरात हे एक माणूस सोडून सर्वांना पटले होते.

५. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ योना चेऊलकर, राहणार ब्रिस्टल. विमानाचे पंख किती वाकावेत हे ठरवण्याचा त्याला पगार मिळतो. काठी किती वाकावी हे मात्र त्याला आजतागायत समजलेले नाही.

लहानपणी रेवदंड्याच्या खाडीवर बाबा बांबूच्या काठ्या आणत. निवडणारी मी आणि मासा योना. तो दोरी दातांत धरून वाळूत पळत सुटे, बाबा ओरडत, "अरे, दात पडतील!" शेडमधल्या दोन्ही काठ्या कार्डिफला घेतल्या त्याही त्याच्याच ओढण्यावर. दोरी घेऊन तो दुकानाच्या बाहेर फुटपाथवर गेला आणि तिथून असा हिसका दिला की दुकानदाराने पोलिसाला बोलवायचेच काय ते बाकी ठेवले. बासच्या काठीला तेव्हा जो बाक आला तो मला अजून दिसतो. त्या काठीने धरलेल्या पहिल्या बासचे तिखले खाऊन जोसेफ म्हणाले होते, अगदी जिताडा!

मग योनाने कुठल्याशा अमेरिकन मासिकात वाचले की एकच साडेसहा फुटी काठी बासला चालते आणि वॉलआयलाही. झाले. ती मागवली. तिकडचा बास तळ्यात राहतो, आपला समुद्रात, हे मी सांगितले तर म्हणाला, "ताई, प्रिन्सिपल सेमच आहे." १९७२ च्या पानगळीत आम्ही सगळे ओग्मोरच्या किनाऱ्यावर गेलो. त्याचे प्रिन्सिपल पहिल्याच लाटेत पडत होते. मी डबा उघडायला बसले तेवढ्यात त्याने न विचारता माझी काठी घेतली, आणि निघताना तिचा शेंडा गाडीच्या दारात चेंगरला.

मोडली तर मोडली. वस्तू मोडतात. पण तो जोसेफ आणि ईवा यांच्यासमोर म्हणाला, "ताई, तो शेंडा आधीच तडकलेला होता." माझी काठी! जी मी दर रविवारी तेल लावून पुसत होते! पुढे त्याने ती अल्युमिनियमची नळी बसवून दुरुस्त केली आणि ईवाच्या हाती पाठवून दिली. नळी सुबक आहे, नाही म्हणत नाही. पण त्या "आधीच"चे काय? दुसऱ्या वर्षी जोसेफ गेले तेव्हा तो आला, आमच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे सात दिवस माझ्या शेजारी जमिनीवर बसला, आणि सातही दिवस हवामानावर बोलला. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. मीही फोन केला नाही, का करावा?

मला माझा भाऊ हवा आहे. हे इथे लिहिते, कारण तोंडाने मी हे म्हणणार नाही.

सबब, बासची काठी योनाला द्यावी, परंतु त्याने ईवासमोर, स्वच्छ मराठीत, "काठी मी मोडली" असे म्हटल्यानंतरच. तोपर्यंत ती शेडमध्ये राहावी. ही अट ऐकून सॉलिसिटरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

एवढे लिहून झाले. अनुराधाबाई वेळेवर आल्या होत्या. दुसऱ्या साक्षीदारासाठी पलीकडच्या मिस्टर प्रिचर्डना हाक मारणार, तोच बेल वाजली. आज संध्याकाळी आमचा मोठा उपास लागतो. आमच्या बेने इस्राएल लोकांत त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. दारे लावून घ्यायची, उद्या रात्रीपर्यंत कोणाकडे जायचे नाही, कोणी यायचे नाही. ज्याचे ज्याच्याशी बिनसले असेल त्याने ते दार लागण्याआधी मिटवायचे.

दारात योना, हातात बॅग. केस पार पांढरे झालेले.

"ताई, दार लागायच्या आत आलो. ब्रिजवर ट्रॅफिक होता."

"साक्षीदार हवाय," मी म्हटले. "सही करशील?"

"विटनेस? म्हणजे मला काही ठेवलं नाहीस?" कायदासुद्धा ठाऊक याला!

"आधी मागे चल."

शेडमधून काठी काढली, दोरी ओवली, टोक त्याच्या हातात दिले. काही न विचारता तो अंगणाच्या भिंतीपर्यंत मागे मागे गेला आणि ओढू लागला. काठी मुठीकडून छान वाकत आली. नळीपाशी येऊन थांबली. नळीचा तेवढा तुकडा छडीसारखा ताठ, आणि त्यापुढे बिचारा शेंडा. योनाने दोरी सैल सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा पाहिले. मी नुसती मूठ धरून ठेवली. मला किती जड गेले ते माझे मला ठाऊक.

"इथं वाकत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"माझ्यामुळे." मग दोरी हातातच ठेवून म्हणाला, "आधीचा काही तडा नव्हता, ताई. दार मी लावलं. जोसेफभावजींसमोर लाज वाटली."

मी म्हटले, "मूर्खा, मग तीन वर्षं?" आणि मला रडू आले. अनुराधाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळे ऐकत होत्या, त्यांनाही आले.

६. वरील पाचव्या कलमातील देणगी व अट दोन्ही रद्द समजावी. योना या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, त्यामुळे त्याला यातून काहीही मिळणार नाही, आणि मला तेच हवे आहे. माझ्या मरणाची वाट पाहून मिळावी अशी ती वस्तू नाही. काठी आज मी माझ्या हाताने त्याला दिली. सण उरकला की नवा शेंडा निवडायला दुकानात जायचे आहे. मूठ मी धरेन. ती नळी त्याने काढून स्वतःच्या अमेरिकन काठीला लावावी.

उद्या रात्रीपर्यंत दार बंद, आणि तो आत आहे. बोलायला पुष्कळ आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली आहे, आणि त्यांनी माझ्यादेखत.

लीया जोसेफ किहीमकर

कार्डिफ, रविवार, १४ सप्टेंबर १९७५

साक्षीदार:

डॉ. अनुराधा टिळेकर, शेजारी

योना चेऊलकर, भाऊ. वारस नाही.