नऊ फुलांचं ऑर्किड

वाल्येवो, २१ जानेवारी

प्रिय जाऊबाई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही पाठवलेली भाजक्या मिरच्यांची चटणी आणि धुरावरचं मांस पोचलं. बरणीचं झाकण उघडताना माझी नखं गेली, पण चव तीच, तुमच्या हातची. गुडघा कसा आहे? बर्फात विहिरीपर्यंत जाऊ नका, शेजारच्या पोराला हाक मारा. इथं सगळं ठीक आहे.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. आमच्या इमारतीच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. मी स्वयंपाकघरात शिंकले तरी तियानाला तिच्या खोलीत ऐकू जातं. आणि तुमच्याशी बोलायचं तर तिच्याविषयीच बोलणं होणार. म्हणून कागद घेतला.

लेक माझ्याकडेच आहे. हॉस्पिटलातून आणली ती इथंच. जावई, प्रेद्राग, बेलग्रेडला नोकरीवर जातो आणि शनिवारी येतो. पिशव्या भरून सामान आणतो, स्वयंपाकघरात बसतो, कॉफी गार होऊ देतो आणि जातो. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. सूप प्यायला लावलं तर पिते. बोलत नाही. मी आत जाऊन बडबडते, बाहेर येऊन रडते, असं चाललंय. झालं त्याबद्दल लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

लिहायचं होतं ते एका झाडाबद्दल. हसाल तुम्ही. तुमच्या जावेला, जिच्या हाताला गावात मिरच्या, टोमॅटो, भोपळे असं म्हणाल ते यायचं, तिला एक कुंडी सांभाळता येत नाहीये. ऑर्किड आहे. पांढरं, मधे जांभळा ठिपका. प्रेद्रागच्या कचेरीतल्या लोकांनी फुलवाल्याकडे आधीच सांगून ठेवलं होतं, आणि फुलवाल्यानं ते ठरल्या दिवशी हॉस्पिटलात नेऊन दिलं. त्याला कोण सांगणार होतं? निळी रिबीन, अभिनंदनाचं कार्ड, सगळं जिथल्या तिथं. तिच्या खाटेजवळ ठेवून गेला. नर्सबाईनं उचललं, तर तियानानं तिचं मनगट धरलं. तेवढं एकच तिनं केलं त्या दिवशी. म्हणून घरी आणलं. रिबीन आणि कार्ड मी जिन्यातच काढून टाकलं.

ते तिच्या खिडकीत ठेवलंय. ती कूस बदलते ती त्याच्याकडे बघायलाच. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की हे जगलं तर ती उठेल. वेडगळपणा आहे, कळतं मला. पण दुसरं काय आहे माझ्या हातात?

आणि ते जगायला तयार नाही. कुंडीत माती नाही, नुसती झाडाची सालं भरलेली! मी म्हटलं, बिचाऱ्याला कुणी मूठभर माती घातली नाही, म्हणून गॅलरीतली चांगली काळी माती घातली. मुळं बाहेर लोंबत होती ती आत दाबली. रोज सकाळी पाणी घातलं. समोरच्या ल्युबिंकानं ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. "स्तामेंका, अगं हे झाड आहे की बदक? किती बुडवशील त्याला?" सगळी माती तिनं काढून टाकली. म्हणे याला दुर्लक्षच मानवतं. तिच्याकडे चार आहेत, चारही फुललेली, आणि ती महिनोन्‌महिने बघत नाही त्यांच्याकडे. म्हणे खिडकी थोडी उघडी ठेव, हवा लागू दे. जानेवारीत? खोलीत आजारी पोर असताना वाऱ्याचा झोत? मी तिला सांगितलं, तुझी अक्कल तुझ्याकडेच ठेव.

परवा एक फूल गळलं. आलं तेव्हा नऊ होती. उरली आठ. आठ! सम फुलं कुठं नेतात ते तुम्हाला सांगायला नको. कबरीवर नेतात ती, माणसाच्या घरात ठेवत नाहीत. तियाना झोपली होती. मी हळूच एक खुडलं आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. आता सात आहेत. जिवंत माणसाला शोभतील अशी.

काळजी घ्या. चुलीत ओलं लाकूड घालू नका.

तुमची,
स्तामेंका


वाल्येवो, १४ फेब्रुवारी

प्रिय जाऊबाई,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला कोबीचं पान बांधता हे वाचून बरं वाटलं. डॉक्टरकडे जाण्यापेक्षा कोबी स्वस्त, हे आपल्या सासूबाईंचं म्हणणं तुम्ही तरी चालवताय.

तियाना तशीच आहे. केस विंचरू देते आता. हातात येतात पुष्कळ. मी ते मुठीत लपवून बाहेर नेते.

झाडाचं विचाराल तर मी हात टेकले. पाणी कमी केलं, तर पानं सुरकुतली. वाढवलं, तर खालचं पान पिवळं होऊन गळालं. खिडकीखालच्या हीटरनं भाजत असेल म्हणून टेबलावर हलवलं, तर तियाना टेबलाकडे तोंड करून पडली आणि मान अवघडून घेतली. म्हणून परत खिडकीत ठेवलं. मधे एक लाकडी फळी घातली, ओला टॉवेल पसरला. बाजारातल्या फुलवालीला विचारलं, तर ती म्हणाली बर्फाचा एक खडा ठेवत जा. ठेवला. ल्युबिंका म्हणाली, "आणि वर मफलर पण गुंडाळ!" प्रत्येकाचं वेगळं शास्त्र. सगळ्यांचं ऐकून मी त्या झाडाचे हाल करतेय, आणि न ऐकावं तर मला स्वतःला काही येत नाही. या वयात असं अडाणी वाटावं, तेही एका कुंडीपुढं!

फुलं गळतच आहेत. एक गेलं की मी लगेच दुसरं खुडते. सम राहू द्यायचंच नाही, असं मी ठरवलंय. सात होती त्यांची पाच झाली, आणि आज सकाळी चार दिसली म्हणून मी तीन केली. नवल म्हणजे गळलेलं फूल मला कधी खिडकीत सापडत नाही, फरशीवर सापडत नाही. ती उचलत असेल बहुतेक. उचलते म्हणजे पलंगावरून उतरते, म्हणजे बरंच आहे, असं मी स्वतःला समजावते. पण जाऊबाई, खरं सांगू का? चांगलं ताजं टवटवीत फूल स्वतःच्या नखानं तोडताना मला घाम फुटतो. जगवायला निघाले आणि अर्धी फुलं मीच तोडली. तरी सम बघवत नाहीत मला. तिच्या उशाशी तर नाहीच नाही.

तुम्ही जे विचारलंय, बाळाला कुठं ठेवलं म्हणून, त्याचं उत्तर आज देत नाही. प्रेद्राग होता तेव्हा तिथं. डॉक्टर म्हणाले, तिला न दाखवलेलंच बरं. मी बाहेरच्या बाकावर होते. पुरे.

आणि मृतांच्या शनिवारी मी यंदा येणार नाही. आपल्या नवऱ्यांच्या, दोघा भावांच्या कबरींवर माझ्या वाटची मेणबत्ती तुम्हीच लावा. माझ्या मिलोसावला सांगा, घरात आजारपण आहे, बायकोला समजून घे म्हणावं. या घरात सध्या मेलेल्यांचं नाव काढायचं नाही, असं मी ठरवलंय.

तुमची,
स्तामेंका


वाल्येवो, ४ मार्च

जाऊबाई,

नमस्कार. आज गुडघ्याची चौकशी नंतर करते.

काल दुपारी सूप घेऊन खोलीत गेले, तर तियाना उभी. इतक्या आठवड्यांनी माझी लेक खिडकीपाशी स्वतःच्या पायांवर उभी होती! मी देवाचं नाव घेणार, तेवढ्यात दिसलं की तिची बोटं देठावर आहेत. तीन फुलं होती. माझ्या डोळ्यांदेखत तिनं एक तोडलं आणि गाऊनच्या खिशात घातलं.

माझं डोकंच फिरलं. ओरडले मी. "काय करतेस हे? तुझ्यासाठी जिवाचं रान करून जगवतेय मी ते, आणि तू तोडतेस?"

"तू पण तोडतेस," ती म्हणाली.

डिसेंबरपासून पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. बसलेला, घोगरा. आणि तो ऐकून मी काय केलं असेल? भांडत राहिले. "मी तोडते ती विषम राहावीत म्हणून! सम फुलं कुणाला देतात माहीत नाही का तुला?"

"माहीत आहे. म्हणून तर तोडते."

माझ्या हातातलं सूप चादरीवर सांडलं.

मग ती बोलली. बाळ येण्याआधी काही आणायचं नाही, अशी आपली रीत. पाळणा नाही, मोजा नाही, घरात त्याची एक चिंधी नाही. "त्याच्या नावानं एवढं एकच काहीतरी आलं, आई. ते मला त्याला द्यायचं होतं. त्याला कुणी फूलसुद्धा नेलं नाही. मी सम करते, आणि तू येऊन विषम करतेस. दर वेळी. जसा काही तो झालाच नाही." खिशातून तिनं सगळी काढून दाखवली. सुकून कागदासारखी झालेली, प्रत्येक वेळी गळली असं मला वाटलं ती.

मी तिच्या पायाशी बसून राहिले. इतके दिवस मी एकीकडून ओढत होते आणि ती दुसरीकडून, आणि मधलं झाड दोघींनी मिळून ओरबाडलं.

"कुठं आहे तो?" तिनं विचारलं.

जाऊबाई, मला माहीत नाही. तुम्हाला उत्तर दिलं नाही ते यामुळेच. मला माहीत नाही, आणि विचारायची छाती झाली नाही. प्रेद्रागला फोन लावला. तो म्हणाला, "आई, त्यांनी सही करा म्हटलं, मी केली. मला वाटलं न विचारणंच बरं." मग इतका रडला की मीच फोन ठेवला. आज सकाळी हॉस्पिटलात जाऊन आले. तिथली बाई वाईट नव्हती, खुर्ची दिली मला. म्हणाली, अशा सगळ्यांना एकत्र ठेवतात, वेगळी खूण नसते. ते मी घरी येऊन तियानाला सांगितलं. खोटं सांगावं असं जिन्यात वाटलं होतं, पण सांगता आलं नाही.

ती उठली, बोलली, मला आनंद व्हायला हवा. होत नाही. ती गप्प होती तेव्हा निदान मला आशा करत बसता येत होतं. आता ती बोलते, आणि जे बोलते त्यावर माझ्याकडे काही नाही. झाडही गेलं. ल्युबिंकानं कुंडीतून उपसून दाखवलं. मुळं सगळी कुजून पोकळ झालीत, दाबली की पाणी निघतं. यावेळी ती चिडवायची थांबली, नुसता माझा खांदा धरला. वरची दोन फुलं मात्र अजून ताठ उभी आहेत, त्यांना खालचं काही कळलेलं नाही.

दोनच आहेत. मी हात लावलेला नाही.

जाऊबाई, मृतांच्या शनिवारी आम्ही दोघी येतोय, सकाळच्या बसनं. मिलोसावच्या कबरीपाशी, त्याच्या पायाकडची बाजू, थोडं बर्फ काढून ठेवाल का? पुरायला आमच्याकडे काही नाही, ते मला कळतं. ही दोन फुलं ठेवायची आहेत, एवढंच. पाद्रीबाबा म्हणतील बाप्तिस्मा झाला नव्हता. म्हणू देत. मेलेल्यांच्या नावाचा गहू मी उकडून आणते. मेणबत्त्या तुम्ही घेताच दोन्ही भावांसाठी, यंदा एक जास्त घ्या. बायका विचारतील तिसरी कोणाची, तर तुम्ही काही बोलू नका. मी सांगेन.

त्याचं नाव तियानानं मनात कधीच ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, आधी सांगू नये म्हणतात ना. काल सांगितलं. मी अजून ते मोठ्यानं उच्चारलेलं नाही, आधी इथं लिहून बघते.

तुमची धाकटी जाऊ,
वेल्कोची आजी,
स्तामेंका