टाकीखालची पिल्लं

घोडपदेव, मुंबई
१४ ऑगस्ट २०२४

चि. मयूर,

तुला आमचे दोघांचे आशीर्वाद. घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा आता जरा कमी दुखतो. चाळीसमोर मंडपाचे बांबू येऊन पडलेत. मंडळाचा धनेश येता-जाता विचारतो, मयूर गणपतीला येणार ना? मी सांगतो, कामासाठी बाहेरगावी गेलाय, बघू. तसंच सांगायचं ठरलं होतं ना आपलं.

तुमच्या केंद्रात मोबाइल देत नाहीत म्हणून पत्र लिहितोय. प्रेसमध्ये इतकी वर्षं लोकांच्या लग्नपत्रिका छापल्या, पण स्वतःचं काही लिहायचं म्हटलं की हात अडतो. जेवण बरं देतात का? सकाळी योगासनं करून घेतात म्हणे. कर. कंटाळा करू नकोस.

पिल्लांबद्दल लिहायचंय.

थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून तू ती गावची अंडी उबवायला ठेवलीस, तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. चाळीत कोंबड्या पाळतात का, म्हणालो होतो. पण पिल्लं बाहेर आली त्यानंतर बरेच दिवस तू दारूला शिवला नाहीस, हे मी बघत होतो. बोललो नाही, एवढंच. मग पुन्हा सुरू झालं आणि तू स्वतःच केंद्रात जायला तयार झालास. जाताना गच्चीवर टाकीखालचं खुराडं दाखवून म्हणालास, "बाबा, मी येईपर्यंत एवढी जगवा." मी हो म्हणालो.

गेल्या आठवड्यात पाऊस लागून होता. टाकीचं पाणी झिरपून खुराड्यातला भुसा खालून भिजला. वरून कोरडाच दिसायचा. सकाळी आई दाणे घालायला गेली आणि वरूनच ओरडली, "अहो, ह्या बघा, रगत पडता!" मी धावलो. पिल्लं पिसं फुलवून, पंख पाडून एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती. शिटेत रक्त. एक मेलेलं.

ते मेलेलं पिशवीत घातलं आणि परळला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, मासे का हो? मी हो म्हणालो.

क्षितिजा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने पिल्लू फाडून दाखवलं. आतड्यात नुसतं रक्त साकळलेलं.

"काका, कॉक्सिडिओसिस आहे. ओल्या भुशात हे जंतू वाढतात, पिल्लं तिथेच टोचतात आणि ते पोटात जातात."

"बाकीची वाचतील ना?"

"पाणी पितायत तोवर आशा आहे. हे औषध पाण्यातून द्या, दुसरं साधं पाणी ठेवू नका. भुसा सगळा काढा, जागा कोरडी करा. पण लहान पिल्लांत हे फार झपाट्याने होतं, काका."

"इंजेक्शन वगैरे काही?"

"याहून चांगलं काही असतं तर दिलं असतं," ती म्हणाली. चांगली मुलगी आहे. तिचाही चेहरा उतरला होता.

पिल्लं घरात आणली. सुताराकडून कोरडा भुसा आणला, बल्ब लावला. प्रेसला रजा टाकली. जी पाणी पीत नव्हती त्यांना ड्रॉपरने पाजायचं होतं. एवढीशी चोच माझ्या जाड बोटांनी उघडायची कशी? दाबलं तर मोडेल असं वाटायचं. थेंब आत जायचा आणि तसाच बाहेर ओघळायचा. आई म्हणायची, पुन्हा घाला. मी पुन्हा घालायचो. एकेक मान टाकत गेलं. पिल्लांतली तुझी ती काळी मिरी माझ्या बनियनमध्ये होती. ऊब मिळावी म्हणून धरून बसलो होतो. ती गेली ते मला कळलंसुद्धा नाही. आईने हात लावून सांगितलं.

त्या दुपारी तू पिऊन संडासाच्या पॅसेजमध्ये पडला होतास, तेव्हाही मी असाच होतो रे. शेजाऱ्यांनी तुला उचललं, टॅक्सी कोणीतरी आणली. मी तुझी चप्पल हातात घेऊन उभा. आपल्या पोराला काय द्यायचं, कुठून उचलायचं, काही कळेना.

रविवारी केंद्रातून तुझा फोन आला तेव्हा आई म्हणाली, पिल्लं छान आहेत. ती खोटं बोलली नाही. तेव्हा दोन उरली होती, आपणहून पाणी पीत होती, दाणेही टिपत होती. आईने तर देवापुढे साखर ठेवली. मलाही वाटलं, एवढी दोन तरी तुझ्या हातात देईन. सोमवारी त्यांनी दाण्याला चोच लावली नाही. काल दोन्ही गेली.

एकही राहिलं नाही, मयूर.

हे पत्र आधी केंद्राच्या दर्शनामॅडम वाचतील, त्यांचा नियम आहे. मॅडम, याला आत्ता सांगू नये असं तुम्हाला वाटलं तर पत्र ठेवून घ्या. तुम्हाला जास्त कळतं. पण रविवारी तो पुन्हा पिल्लांचं विचारेल, आणि आई आताच म्हणतेय, मी फोन घेणार नाही. मलाही छान आहेत म्हणता येणार नाही. या घरात खोटं पुष्कळ बोलून झालंय, त्याचं आणि आमचंही.

मयूर, ऐकून तू तिथून उठून निघशील, सरळ गुत्त्यावर जाशील, ही भीती मला आहे. इथे बसून मी तुला अडवू शकत नाही. तिथे असतो तरी अडवता आलं असतं का, माहीत नाही. खूप राग आला तर माझ्यावर काढ. घरी येशील तेव्हा काढ, पाहिजे तेवढं बोल, मी ऐकून घेईन.

मी हो म्हणालो होतो, आणि मला जमलं नाही.

पण तू राहा.

तुझा,
बाबा