गुलाबी हेल्मेट आणि आठ नंबरचे बूट

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी ठणठणीत आहे, खोली हवेशीर आहे, जेवणाची आबाळ नाही. बाबांचा खोकला थांबला का?

काल कारखान्यात महिला दिन झाला. क्रेन चालवणारी पहिली बाई म्हणून माझा सत्कार केला. साहेब स्त्रीशक्तीवर बोलून बोलून दमले आणि शेवटी मला हेल्मेट दिलं. गुलाबी! अगं, मी रुजू झाल्यापासून घसा कोरडा करून मागतेय ते माझ्या मापाचे बूट. स्टोअरवाला म्हणतो, "ताई, आठ नंबरच्या खाली येतच नाहीत. दोन मोजे घाला की!" मी तीन घालते, तरी क्रेनची शिडी चढताना पाय एकीकडे आणि बूट दुसरीकडे. परवा जरा घसरले, पण फारसं लागलं नाही. उगाच काळजी करू नकोस.

मग काल सत्कार चालू असतानाच मी बूट काढला आणि साहेबांच्या पुढ्यात, फुलांच्या गुच्छाशेजारी ठेवला. हसू नकोस. सोमवारी माप घ्यायला माणूस येतोय.

खोलीवर आल्यावर तुझी आठवण आली. बाबांनी टाकलेल्या चपला तू अजून घालतेस ना? "चांगल्या आहेत की" म्हणत बोटं आवळून चालतेस, तीही जन्मभर! डोकं फिरतं माझं. आता एक कर. कागदावर उभी राहा आणि दादाला पावलाभोवती पेन्सिल फिरवायला सांग. त्या मापाच्या चपला मी पाठवते.

तू वाकू नकोस. त्यालाच वाकू दे.

तुझी तोंडाळ धाकटी