लक्षवेधी पुढे ढकलली

नागपूर, गुरुवार

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. आम्ही सगळे पालक सुखरूप आहोत, जेवणही बरं मिळतंय. फोन केला असता तर आवाजावरून ओळखलं असतंस, म्हणून लिहिते आहे.

माझ्या तनुजाच्या कर्णबधिर शाळेत खुणांची भाषा येणारे शिक्षक नाहीत, हे तुला सांगायला नको. सरकारला मात्र सांगावं लागतं. त्यावरची लक्षवेधी सूचना आज विधानसभेत होती. भलत्याच विषयावर गोंधळ झाला आणि कामकाज तहकूब! अधिवेशन उद्या संपतंय.

मग मंत्र्यांच्या सचिवांनी आत बोलावलं. "बोला," म्हणाले आणि मोबाइल बघत बसले. संताप आला गं. मी मध्येच थांबले आणि पुढचं सगळं खुणांनी सांगायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी वर पाहिलं.

"अहो बाई, हे काय? मला काही कळत नाहीये."

"आमच्या मुलांचं वर्गात रोज असंच होतं, साहेब."

त्यांनी मोबाइल ठेवला, निवेदन वाचलं आणि म्हणाले, "पुढच्या अधिवेशनात बघू." म्हणजे हेही वर्ष गेलंच.

तुझ्याकडे तनुजाचा खोकला कसा आहे? विश्रांतवाडीच्या चौकात तिचा हात सोडू नकोस, हॉर्न ऐकू येत नाही तिला.

उद्या पुन्हा त्याच दाराशी उभे राहणार आहोत. शिक्षक मिळाले का, असं तिने विचारलं तर खोटं सांगू नकोस. आई अजून भांडते आहे, एवढं तुला येतात त्या खुणांनी सांग.

तुझीच,
ललिता