फ्रिजमधला गुलाबी ग्लास

भार्गवी,

फ्रिजमधला गुलाबी ग्लास पिऊ नकोस! आधी सिंकमध्ये ओत, मग पुढचं वाच.

रेवाने वर्गातली बेडकाची अंडी मिड-टर्मच्या सुट्टीत सांभाळायला आणली होती ना, तो डबा मी ओट्यावरच विसरलो. आईला वाटलं, तू सब्जा भिजत घातलायस. काळे ठिपके, भोवती बुळबुळीत. तिची तरी काय चूक? दोन चमचे दुधात घातले, वर रोझ सिरप. तिने स्वतः चाखलेलं नाही, मी तीनदा विचारलं. कळलं तर आठवडाभर अन्नाला शिवणार नाही, तेव्हा एक शब्द बोलू नकोस.

उरलेली अंडी घेऊन रेवाला शाळेत सोडतो आणि तशीच डब्लिनची ट्रेन पकडतो. रेवा खूप रडली, पण आजीला सांगणार नाही म्हणालीय. अकराला वर्गात सायन्सचं प्रदर्शन आहे आणि आई येणारच म्हणतेय. तिला रेवाच्या टेबलापासून लांब ठेव, काहीही कर.

तू रात्रभर जागी होतीस म्हणून उठवलं नाही. गुरुवारपासून तू आणि आई माझ्यामार्फतच बोलताय. तो ग्लास तिने तुझ्यासाठी केला होता. "भार्गवीला पित्त झालंय. मी केलं म्हणून सांगू नकोस, नाहीतर घेणार नाही," म्हणाली.

खरा सब्जा वरच्या कपाटात आहे, डाळींच्या मागे. तसाच ग्लास भर. आणि आई अंघोळ करून बाहेर आली, की तिच्यासमोर पी.

सारंग